पाळकसाहेबही थकतात

रविवारची उपासना, आठवड्यातल्या प्रार्थनासभा, दवाखान्यातल्या भेटी, लग्नं, दफनविधी आणि मंडळीतली भांडणं. नांदेड-लातूरच्या खेड्यापाड्यांत विखुरलेली कुटुंबं सांभाळणाऱ्या ख्रिस्ती पाळकाच्या कामाला घड्याळ नसतं. नापिकी, कर्ज, पुण्याला गेलेली पोरं, सगळी दुःखं त्यांच्याच कानावर येतात. रात्री अकराला फोन वाजतो: ‘पाळकसाहेब, जरा येता का?’ जावंच लागतं. थकलो म्हणावं, तर मंडळीचं उत्तर ठरलेलं: प्रार्थना वाढवा.

हे उत्तर अपुरं आहे.

ब्रिटनमधले धर्मगुरू आणि अभ्यासक लेस्ली फ्रान्सिस यांनी पाळकांचं भावनिक स्वास्थ्य मोजण्यासाठी एक प्रश्नावली केली. तिच्यातली 11 विधानं भावनिक थकव्याची आहेत आणि 11 सेवेतल्या समाधानाची. दोन्ही मापं वेगळी, कारण एकच माणूस कामात समाधानी असतो आणि त्याच कामाने पार गळूनही जातो. देवाच्या सान्निध्याचा अनुभव समाधानाची बाजू भरून काढील. पण राहिलेली झोप त्याने भरून निघत नाही.

भक्ती असली तरी माणूसपण सुटत नाही, हे मराठी माणसाला कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांकडे पाहून पटावं. 1895 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या कवितेतला ख्रिस्त गुरू आहे आणि माउलीही. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समूह उभारला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथे जागा होती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात मात्र हेच टिळक तापट आहेत, न सांगता घर सोडून जातात, हातातले पैसे कुणालाही देऊन टाकतात. लक्ष्मीबाईंनी भक्त आणि माणूस दोन्ही एकाच घरात दाखवले. मंडळ्यांना हा मोकळेपणा अजून जमत नाही.

पाळकाने वरिष्ठांकडे मन मोकळं करावं, तर बदलीची धास्ती. म्हणून ऐकणारा बाहेरचाच हवा. सरकारची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते. ही माहिती पाळकांच्या बैठकीत उघडपणे सांगायला काय हरकत आहे? आठवड्यातला एक दिवस त्यांचा फोन मंडळीतल्या कुणी जाणत्याने घ्यावा. आणि वार्षिक सभेच्या अहवालात बाप्तिस्मे, लग्नं, देणग्या यांच्या शेजारी आणखी एक रकाना असावा: पाळकसाहेबांना वर्षभरात सुट्ट्या किती मिळाल्या?