कोरडी बी सजीव की निर्जीव?

शाळेच्या पुस्तकात सजीवांची ओळख सोपी असते. जे हलते, खाते, श्वास घेते, वाढते आणि आपल्यासारखे दुसरे जन्माला घालते ते सजीव; बाकीचे निर्जीव. मुले हे पाठ करतात, पण ही यादी पुष्कळदा फसवते. मोटार हलते, इंधन घेते, धूर सोडते. तरी ती निर्जीव. मृत समुद्राच्या काठी मिठाचे खडे वाढतात, तेही निर्जीव. उलट खजुराची कोरडी बी हलत नाही, वाढत नाही, तरी तिच्या आत अंकुर निजलेला असतो.

याचा पुरावा इस्राएलमध्येच आहे. मसादा येथे १९६३ ते १९६५ या काळात उत्खनन झाले, तेव्हा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या खजुराच्या बिया सापडल्या. पुढे चाळीस वर्षे त्या तशाच पडून होत्या. डॉ. सारा सॅलन यांनी त्यांतल्या काही मिळवल्या आणि २००५ साली तू बिश्वातच्या दिवशी डॉ. एलेन सोलोवे यांनी तीन बिया केतुरा किबुत्झात लावल्या. एक उगवली. त्या झाडाचे नाव मथुशलह. ते नर निघाले. पुढे तशाच जुन्या बीपासून वाढलेल्या हन्ना नावाच्या मादी झाडाला त्याचे पराग दिले आणि २०२० साली १११ खजूर हाती आले.

तू बिश्वातलाच बेने इस्राएल घरांत एलियाहू हन्नाबीचा मलिदा होतो. त्यातला खजूर खाल्ला जातो आणि बी केरात जाते. ती वर्गात आणावी. प्रत्येक मुलाला एक बी व एक खडा द्यावा, दोन्ही ओल्या मातीत ठेवून वाट पाहावी. काही आठवडे लागतील. एखादी बी उगवणारही नाही. मसाद्याच्याही तिन्ही उगवल्या नाहीत. घाण्यातून गेलेला तीळ पुन्हा रुजत नाही, हे कोकणातल्या शनवार तेल्यांना कोणी सांगावे लागले नसेल. पण अखंड बीचा निकाल पाणी दिल्याशिवाय लागत नाही.

घरोघरी नातवंडांना आजीची मराठी कळते, उत्तर मात्र ती हिब्रूत देतात. वडीलधारी मंडळी लगेच म्हणतात, "यांची मराठी मेली." हा निकाल घाईचा आहे. जी भाषा कळते ती कोरडी पडली असेल, मेलेली नाही. रोज जेवताना तिला चार वाक्यांचे पाणी घालावे, निकाल मग द्यावा.