मध्येच उठता न येणारा खेळ

मागच्या खेपेला मोसंबीच्या सालीच्या मुरंब्याविषयी लिहिलं होतं, आणि आज एकदम व्हिडिओ गेम! "हिला झालंय तरी काय?" असं तुमच्या मनात आलं असेल. पण मैत्रिणींनो, खरं सांगा, पानं वाढल्यावर "आलो आई, दोनच मिनिटं" हे कुणाच्या घरात ऐकू येत नाही? त्या दोन मिनिटांपायी आमच्याकडे ऐन दिवाळीत असा भडका उडाला, की पोरगा आठ दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

झालं असं. लक्ष्मीपूजनाची वेळ. पाट मांडलेला, हे सोवळं नेसून बसलेले, सासूबाईंनी दोनदा हाक मारलेली. आमचे चिरंजीव (आठवीत आहेत) आतल्या खोलीत मोबाईलमध्ये डोकं खुपसून. मी तरातरा गेले, हातातला मोबाईल ओढला आणि बंद करून टाकला. एरवी मी चिडले की तो नुसता हसतो. त्या दिवशी मात्र त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्यामुळे तिघं मेले," एवढंच म्हणाला. माझ्या काळजात धस्स झालं! कोण तिघं? कुठले तिघं? मग कळलं, खेळातले त्याचे तीन सोबती. एक त्याच्याच वर्गातला, एक परतूरचा, आणि तिसरा कुठला ते त्यालाही ठाऊक नाही.

भाऊबीजेला माझा भाऊ आला. त्याचा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, तोही आला होता. मी त्याच्यापाशी या बंदुकांच्या खेळांना मनसोक्त शिव्या घातल्या. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आत्या, तू एक तरी खेळून बघितलायस का?" मला ते लागलं. मी आठवड्यातून चार दिवस शाळेत मराठी शिकवते; धडा न वाचता त्यावर मत ठोकून देणाऱ्या मुलांवर मीच डाफरते की! तर भाचा त्याचा जुना लॅपटॉप सुट्टीपुरता माझ्याकडे ठेवून गेला. त्यावर एक खेळ होता, "राजी: अॅन एन्शंट एपिक".

हा खेळ आपल्या पुण्यात तयार झालेला आहे, हे मला तेव्हा कळलं. नॉडिंग हेड्स गेम्स नावाच्या छोट्या मंडळींनी तो केला, आणि ती कंपनी काढणाऱ्यांत श्रुती घोष ही एक स्त्री आहे. २०१७ साली त्यांनी इंटरनेटवरून लोकांकडे पैसे मागून पाहिले, ते जमलं नाही. तरी नेट धरून २०२० मध्ये खेळ बाहेर काढला. गोष्ट साधी. राजी ही कसरतीचे खेळ करणारी मुलगी. राखीपौर्णिमेच्या दिवशी राक्षस येतात आणि तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. दुर्गा तिला त्रिशूळ देते, आणि ती भावाला शोधत निघते. बंदूक नाही की बॉम्ब नाही. भिंतींवर देवादिकांची चित्रं आहेत, त्यांच्यापुढे उभं राहिलं की त्यांच्या कथा ऐकू येतात. राजस्थानातल्यासारखे महाल, पाणी, कमळं. सासूबाईसुद्धा चष्मा लावून मागे येऊन बसल्या!

माझी पहिली दुपार मात्र पार फजितीत गेली. डाव्या हाताने चालायचं, उजव्या हाताने मारायचं. पंचवीस वर्षं पोळ्या लाटणारे हात माझे, पण दोन्ही हातांना एकाच वेळी वेगवेगळी कामं सांगितली की गोंधळतात. पहिल्याच राक्षसाने मला सात वेळा लोळवलं. चिरंजीव लांबून बघत होते. अबोला होता ना! आठव्या वेळेला मात्र त्याला राहवेना. "आई, तू नुसती बटणं बडवतेस. त्याच्याकडे बघ. मारायच्या आधी तो हात मागे घेतो." दिवाळीनंतरचं ते त्याचं पहिलं सरळ वाक्य.

आणि खरंच की हो! राक्षस वार करण्याआधी अंग आवळतो, त्या अर्ध्या क्षणात बाजूला उडी मारायची आणि मग त्रिशूळ चालवायचा. या जातीच्या खेळांची सगळी गोडी तिथे आहे, असं मला वाटतं. हरलात तर का हरलात ते दिसतं, आणि पुन्हा फार मागे न जाता जवळपासच सुरुवात करता येते. स्वेटर विणताना चुकलेली ओळ तेवढी उसवावी, तसं. राजी खांबाला धरून गरकन फिरते आणि चार राक्षसांना एकदम आडवं करते, ते मला पहिल्यांदा जमलं तेव्हा मी चक्क ओरडले. नजर तर इतकी तयार होते म्हणता! एक डोळा पुढच्या राक्षसावर, एक मागून येणाऱ्यावर. हे माझं नुसतं मत नाही. ग्रीन आणि बॅव्हेलिअर या दोघा संशोधकांनी २००३ साली "नेचर" या नियतकालिकात दाखवून दिलं होतं, की असे खेळ खेळणाऱ्यांचं नजरेचं अवधान जास्त असतं, आणि न खेळणाऱ्यांना थोडे दिवस खेळायला लावलं तर त्यांचंही सुधारतं.

आता खोडी. राजीला आपण वरून, ठरावीक कोनातून बघतो. तो कोन आपल्याला बदलता येत नाही. त्यामुळे कुठे उडी जवळची वाटते आणि पोर दरीत जाते. कुठे गर्दीत ती दिसेनाशीच होते, आणि नेमका तेव्हा मार बसतो. माझ्या चुकीने हरले तर मी पुन्हा कंबर कसते, पण न दिसल्यामुळे हरले की लॅपटॉप आपटावासा वाटतो. दुसरं, नंतर नंतर तेच तेच राक्षस येतात. शिवाय पुण्यात तयार झालेली ही मुलगी माझ्या कानावर मराठीचा एक शब्द घालेना! आधी नुसतं इंग्रजी होतं, २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आलं. आणि सगळ्यात मोठी खोड म्हणजे शेवट. पाच-सहा तासांत खेळ संपतो, आणि तोही असा, की पुढची पानं कुणी फाडून नेलेली कादंबरी हातात पडावी.

पण तो संपतो, हे महत्त्वाचं. आणि मध्ये कुकरची शिट्टी झाली की एक बटण दाबायचं. राजी बिचारी तिथेच थांबते, राक्षसही थांबतात. आपण भाजी फोडणीला टाकून परत यावं.

हे का सांगते, तर मग मी मुलाचा खेळ त्याच्याच मोबाईलवर, त्याला शेजारी बसवून खेळले. पबजीच्या वळणाचा. शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात, हत्यारं वेचतात, एकमेकांना टिपतात, आणि खेळायची जागा आवळत आवळत जाते. शेवटी उरेल तो जिंकला. थरार म्हणाल तर राजीपेक्षा दसपट, कारण समोर यंत्र नाही, कुणाचा तरी मुलगा आहे! चौघांनी मिळून एकमेकांना सांभाळायचं, जखमी झालेल्याला उठवायचं, हे तर मला मनापासून आवडलं. मी दारामागे दबा धरून बसले होते, आमचे दोन सोबती पडलेले, आणि स्वयंपाकघरातून जळका वास आला. दूध! मी "थांबवायचं बटण कुठलं?" म्हणून विचारते, तर तो म्हणतो, "नसतंच, आई. उठलीस की मेलीस. आणि तिसरा पण जाईल." मी उठले नाही, मैत्रिणींनो. दूध उतू गेलं, गॅस त्यानेच बंद केला. परत येऊन म्हणाला, "दोनच मिनिटं ना?"

काय बोलणार त्यावर?

अशा खेळांवर सरकारची नजर आहेच. पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, भारतासाठीची वेगळी आवृत्ती जुलै २०२१ मध्ये निघाली, पुढच्याच जुलैत तीही काढली गेली, आणि मे २०२३ मध्ये परत आली ती अठरा वर्षांखालच्या मुलांना दिवसाला तीन तास अशा अटीवर. आता तीन तास म्हणजे आमच्या घरात शाळा, शिकवणी आणि झोप वजा जाता उरतात तेवढे सगळेच! शिवाय वय पोरानेच भरायचं असलं की झालंच. त्यात कपड्यांचा सोस. गेल्या वर्षी ह्यांच्या मोबाईलवरून आमच्या पठ्ठ्याने तीनशे रुपयांचा कोट घेतला, आणि घालणार कोण, तर पडद्यावरचा बाहुला. तेव्हा पैशांच्या ॲपचा आकडा मुलाला कळू देऊ नका, आणि खेळात वय लिहिताना शेजारी बसा.

वेळेचं आम्ही असं केलंय. एक डाव साधारण अर्ध्या तासाचा. तेव्हा हाक डाव रंगल्यावर मारायचीच नाही, सुरू होण्याआधी मारायची. मी कणीक भिजवायला घेतली की ओरडून सांगते, "पाऊण तासात पानं!" मग एक डाव बसतो, दुसरा बसत नाही, हा हिशेब तो करतो. दोनदा फसला, तेव्हा जेवण गार झालं आणि गारच खाल्लं त्याने. सासूबाईंना ते रुचलं नाही, पण मी गरम करून दिलं नाही. कुणाचं पोर जेवणखाण, झोप, अभ्यास सोडून महिनोन्‌महिने त्यातच बुडालं असेल, तर मात्र घरगुती उपायांवर बसू नका, डॉक्टरांना दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच त्याची आजारांत नोंद केली आहे.

भाचा संक्रांतीला लॅपटॉप न्यायला येणार आहे. त्याने फोनवर सांगितलं की राजीचा पुढचा भाग जाहीर झालाय. मी म्हटलं, तो आधी घे, मग लॅपटॉप ने. गोलूचं काय झालं ते सासूबाई रोज विचारतात.