झाकण मिटल्यानंतरचा लॅपटॉप

पिशोरला लाइट गेली म्हणून कोणी दचकत नाही. कन्नड तालुक्यातल्या या गावाच्या आसपास मका, कापूस, अद्रक. शेतीपंपांना दिवसा आठ तास नाहीतर रात्री दहा तास वीज, ही चक्राकार पाळी महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं अंगवळणी पाडून घेतली आहे. तिच्यावर पाणी भरायची वेळ ठरते, कधी कधी लग्नाची बैठकसुद्धा. विजेचा इतका बारीक हिशेब ठेवणाऱ्या मुलखात लॅपटॉप मात्र कारखान्यातून आला त्याच सेटिंगवर चालत राहतो. आणि ते सेटिंग ठरवणाऱ्याने भिंतीतल्या प्लगमध्ये वीज कायम असणार, असं गृहीत धरलेलं असतं.

झाकण मिटलं की बहुतेक विंडोज लॅपटॉप 'स्लीप'मध्ये जातात. स्क्रीन काळी पडते, पण उघड्या फायली रॅममध्येच असतात आणि रॅमला अखंड वीज लागते. राखेखाली निखारा जपून ठेवावा तसा हा प्रकार. उघडलं की दोन सेकंदांत काम सुरू. 'हायबरनेट' हे सगळं डिस्कवर लिहून टाकतं आणि यंत्र पूर्ण बंद करतं. उठायला थोडा वेळ जास्त लागतो, पण बॅटरी आठवडाभर तपासली नाही तरी उघडा तक्ता जागच्या जागी सापडतो. 1996 साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय नावाचं मानक आणलं, त्यात या दोन अवस्थांना एस-3 आणि एस-4 असे क्रमांक मिळाले. आजचा सगळा घोळ या दोन आकड्यांच्या आसपास आहे.

घोळ असा, की अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये जुना एस-3 उरलेलाच नाही. त्याच्या जागी 'मॉडर्न स्टँडबाय' आला. लॅपटॉपने मोबाइलसारखं वागावं, मिटलेल्या अवस्थेतही मेल ओढून घ्यावेत, अपडेट तपासावेत, ही त्यामागची हौस. मोबाइलला ते जमतं, लॅपटॉपला दर वेळी जमतंच असं नाही. एखादा ड्रायव्हर किंवा अर्धवट अपडेट त्याला पुरतं झोपू देत नाही. 45 वॅट-तासांची बॅटरी अर्धा वॅट खाणाऱ्या झोपेत तीन-चार दिवस पुरते; तेच खाणं चार वॅटवर गेलं तर अकरा-बारा तासांत खेळ खलास. पिशोरहून एसटीने संभाजीनगरला परीक्षेला निघालेल्या मुलीच्या सॅकमध्ये असा लॅपटॉप असेल, तर तो वह्यांच्या मध्ये गरम होत राहतो आणि पोहोचेपर्यंत बॅटरीने मान टाकायला सुरुवात केलेली असते. तिचा समज मात्र असतो, की झाकण लावलं म्हणजे बंद केलं.

याहून वाईट अवस्था मरतुकड्या बॅटरीच्या लॅपटॉपची. 2011 मध्ये 'संग्राम' प्रकल्पातून महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींत संगणक पोहोचले आणि दाखल्यांचं काम कीबोर्डवर आलं. आज सेवा केंद्र असो की झेरॉक्सचं दुकान, टेबलावर एक असा लॅपटॉप हमखास दिसतो ज्याची बॅटरी कधीच गेलेली आहे आणि जो चार्जरच्या जोरावर श्वास घेतो. विंडोजच्या हिशेबी तो लॅपटॉपच. डेस्कटॉपला बॅटरी नसते हे ओळखून मायक्रोसॉफ्टने व्हिस्टापासून 'हायब्रिड स्लीप' दिली: झोपतानाच सगळं डिस्कवरही लिहून ठेवायचं, म्हणजे वीज गेली तरी काम वाचतं. ही सोय डेस्कटॉपवर मुळातच चालू असते, लॅपटॉपवर बंद. म्हणजे जिथे तिची सर्वांत जास्त गरज, नेमकी तिथेच ती मिळत नाही. परिचालक चहाला उठला, यंत्र झोपलं, लाइट गेली, इन्व्हर्टरही दमला, की अर्धा भरलेला अर्ज गेला. जुन्या एस-3 यंत्रात पॉवर ऑप्शन्सच्या 'अॅडव्हान्स्ड' खिडकीत ही सोय चालू करता येते. नव्यात ती नसते. तिथे सरळ हायबरनेट.

अॅपलने 2005 मध्येच पॉवरबुकमध्ये 'सेफ स्लीप' आणली. झोपताना रॅमची प्रत डिस्कवर, वापरणाऱ्याला एक शब्दही न विचारता. मायक्रोसॉफ्टने त्याच्या उलट केलं. विंडोज 8 पासून हायबरनेट स्टार्टच्या यादीतून दिसेनासं झालं. ते परत आणायला कंट्रोल पॅनलमध्ये, पॉवर ऑप्शन्समध्ये, बटणांनी काय करावं ते ठरवणाऱ्या पानावर, वरच्या बारीक निळ्या ओळीवर क्लिक करून मग खाली टिक करावी लागते. हे लपवणं या स्तंभाच्या मते सरळसरळ चूक आहे. वीज जाणं ही फक्त खेड्याची गोष्ट थोडीच आहे? 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड कोसळली आणि ऐन टाळेबंदीत मुंबईत घरून चाललेली कामं, ऑनलाइन परीक्षा, लोकल, सगळंच थांबलं.

रोज हायबरनेट केलं तर एसएसडी झिजेल, ही भीती दुकानदार हमखास घालतात. आठ जीबी रॅमच्या यंत्रात दर वेळी दोन-तीन जीबी लिहिले गेले, तरी वर्षाला एक टेराबाइटच्या आसपास. साध्या एसएसडीची लेखी हमीही त्याच्या कित्येक पट असते. खरी काळजी वेगळीच आहे. रॅममध्ये जे उघडं होतं, म्हणजे लोकांचे आधार क्रमांक, उत्पन्नाचे दाखले, तेही डिस्कवर लिहिलं जातं, म्हणून सेवा केंद्राच्या यंत्राची डिस्क एन्क्रिप्ट केलेली असायलाच हवी. शिवाय हायबरनेट पोर्टलचं लॉगिन वाचवत नाही. पलीकडचा सर्व्हर वेळ संपली की बाहेर काढतोच. अर्ज मधे मधे 'सेव्ह' करण्याला पर्याय नाही.

मग ठेवायचं काय? बॅटरी धड असेल आणि चार्जर लावलेला असेल तर वीस मिनिटांनी स्लीप चालेल. बॅटरीवर असेल तर तासाभराने हायबरनेट, आणि प्रवास असेल तर झाकणालाच हायबरनेटचं काम द्यावं. बॅटरी जुनी असेल तर शेवटचा इशारा पाच टक्क्यांवरून दहा-बारावर न्यावा, कारण थकलेली बॅटरी पाच टक्के दाखवता दाखवता शून्यावर येते.

नवा लॅपटॉप घेताना मात्र प्रोसेसर आणि रॅम विचारून थांबू नये. ग्रामपंचायतीच्या खरेदीतही हेच दोन रकाने भरले जातात. दुकानातच कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी'ला तिरकी रेघ आणि 'ए' जोडून टाइप करायला सांगावं. या यंत्राला कुठल्या कुठल्या झोपा येतात त्याची यादी समोर येते. तिथे हायबरनेट नसेल, तर पैसे देण्याआधी ते चालू करून दाखवायला दुकानदाराला सांगावं.