दुभाष्याची पारख

ज्यांचे पूर्वज करारबंद मजूर म्हणून सागरापार आले, त्यांना दुभाष्याचे महत्त्व सांगावयास नको. बहुतेकांना वाचता न येणाऱ्या करारपत्राचा अर्थ परक्याच्या तोंडून ऐकावा लागे. त्याने जे गाळले, त्याची भरपाई मजुरास आयुष्यभर करावी लागे. विद्यापीठातील कर्णबधिर विद्यार्थीही अशाच दुभाष्यावर विसंबून असतो.

सौदी अरेबियाने अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००८ साली मान्य केला. त्यानंतरच्या दशकात रियाधच्या किंग सौद विद्यापीठाने कर्णबधिरांकरिता उच्च शिक्षणाची योजना आरंभिली. हे खचितच अभिनंदनीय होय. परंतु प्रवेश मिळाला म्हणजे ज्ञान मिळाले, असे नव्हे. दुभाष्यास विषयच कळत नसेल, तर रसायनशास्त्राचे व्याख्यान केवळ हातवारे ठरते. शिवाय, दृष्टी दुभाष्यावर खिळलेली असता विद्यार्थ्यास टिपण घेता येत नाही. त्याकरिता निराळा टिपणकार हवा.

याहून सूक्ष्म प्रश्न खुणांचा आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून सर्व अरब देशांकरिता एकच सांकेतिक भाषा ठरविण्याचे यत्न झाले, कोशही निघाले. तथापि कर्णबधिरांची जिवंत भाषा देशोदेशी भिन्न आहे. समितीने ठरविलेली खूण विद्यार्थ्याच्या नित्य वापरातील नसेल, तर ती त्यास परकीच वाटणार.

म्हणून दुभाषे निवडताना व घडविताना प्रथम कर्णबधिरांचाच कौल घेतला पाहिजे. चुकीच्या अर्थाचे फळ ज्यास भोगावे लागते, त्यासच दुभाष्याची खरी पारख असते.