मोबाईल मुलाच्या हातात द्या



मावळात जून ते सप्टेंबर मैदान म्हणजे नुसता चिखल. शारीरिक शिक्षणाचा तास व्हरांड्यातच घ्यावा लागतो. भिंतीवर खडूने वर्तुळ काढायचं आणि रबरी चेंडू त्यात मारायचा, हा आमचा पावसाळी खेळ. (चेंडू पावसात गेला की आणायला सगळा वर्ग तयार!)

चौथीतला एक मुलगा उजव्या हाताने फेकताना उजवाच पाय पुढे टाकायचा. मी दहादा सांगितलं, करून दाखवलं. फरक शून्य. एकदा स्लो मोशनमध्ये त्याचा व्हिडिओ काढला आणि काही न बोलता मोबाईल त्याच्या हातात दिला. दोनदा बघून म्हणाला, "सर, माझा पाय चुकतोय." त्यानंतर पाय बरोबर पडू लागला. नेम तेव्हाही चुकलाच, पण ते राहू द्या.

राहू द्या असं मुद्दाम म्हणतोय. बॅरी झिमरमन आणि अनास्तासिया किटसांटस यांचा शाळकरी मुलींच्या डार्टफेकीवरचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलींनी आधी फेकण्याच्या कृतीवर लक्ष दिलं आणि ती जमल्यावर गुणांकडे वळल्या, त्या फक्त गुणांमागे लागलेल्या मुलींपेक्षा पुढे गेल्या. स्वतःची नोंद स्वतः ठेवण्याचाही फायदा दिसला.

म्हणून मला वाटतं, गुण मोजणारी ॲप आधी नकोतच. मुलाने एकच गोष्ट ठरवावी, 'आज पाय'. फेकावं, स्वतःला बघावं, वहीत खूण करावी. तोवर आपण गप्प बसायचं. हे फार जड जातं, मलाही.

शरीराकडे यंत्रातून बघणं आपल्या भागाला नवं नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि योगक्रियांच्या वेळी शरीरात काय घडतं ते उपकरणांनी तपासलं. तिथे तपासणारे तज्ज्ञ होते. आता चौथीचं पोर स्वतःचं स्वतः तपासू शकतं.

"एक मोबाईल, तीस मुलं, कसं जमणार?" असं विचाराल. एका तासाला पाच-सहा जणांचा एकच गट घ्या, बाकीच्यांना नुसतं खेळू द्या. तसंही उपक्रमाचे फोटो वर पाठवायला आपण मोबाईल काढतोच. ज्याचा फोटो काढला त्यालाच तो दाखवायचा राहून जातो.

एक पथ्य मात्र पाळा. तास संपला की व्हिडिओ मुलांसमोरच डिलीट करा, कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. चुकलेली फेक एकदा गावभर फिरली, की ते मूल पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभं राहणार नाही.