चौसष्ट जणींचं देणं

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, वडवणी, पाटोदा तालुक्यांतल्या कितीतरी घरांना कुलूप लागलेलं असेल. दसरा झाला की ऊसतोडीला नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या दारात येतात. कोणी लक्ष्मीपूजन उरकून निघतं, कोणाची दिवाळी फडावरच्या कोपीतच होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. घेतलेली उचल फेडायची असते आणि एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जातात. पाळी आलेली असली तरी बाई पहाटे अंधारात उसात शिरते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. फडावर संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही, कापड धुवायला पुरेसं पाणी नाही. मग अंगावरून पांढरं जायला लागतं, ओटीपोटात दुखतं, कंबर धरते. ती दवाखाना गाठते आणि तिथं तिला सांगितलं जातं की गर्भाशयाची पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल.

२०१९ मध्ये हे प्रकरण गाजलं आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. देशभरात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. बीडमध्ये खासगी दवाखान्यांतल्या अशा शस्त्रक्रियांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली, ते चांगलंच झालं. पण परवानगीच्या कागदानं पांढरं जायचं थांबत नाही. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले तर तिशीतच रजोनिवृत्ती येते, हाडं ठिसूळ होतात, घामाचे लोट येतात, आणि मोळी तेवढीच जड राहते.

मला सगळ्यात जास्त छळतो तो कॅन्सर हा शब्द. कारण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका वेळेत कसा ओळखायचा, हे साऱ्या जगाला दाखवून दिलं ते बीडला लागून असलेल्या उस्मानाबाद जिल्ह्यानं, आजच्या धाराशिवनं. मुंबईचं टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी १९९९ मध्ये तिथं काम सुरू केलं. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. एका गटाची हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूसाठी आयुष्यात एकदाच तपासणी झाली आणि ज्यांच्यात दोष आढळला त्यांच्यावर उपचार झाले. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणीसाठी निवडलेल्या ३४,१२६ बायकांच्या गटात या कॅन्सरनं ३४ मृत्यू झाले. तुलनेसाठी एक गट नेहमीच्या सोयींवरच ठेवला होता. त्या ३१,४८८ बायकांत ६४ मृत्यू झाले.

या चौसष्ट जणींपुढे मी वर्षानुवर्षं अडखळून थांबते. त्यांच्यामुळे जगाला पुरावा मिळाला. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कॅन्सरच्या उच्चाटनाचा आराखडा मांडला. पस्तिशीच्या आत एकदा आणि पंचेचाळिशीच्या आत पुन्हा एकदा अशी भरवशाची तपासणी शंभरातल्या सत्तर बायकांना मिळावी, हे त्यातलं एक उद्दिष्ट आहे. आपल्याकडे मात्र राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत दोघींचीही अशी तपासणी कधी झालेली नव्हती. पुरावा मराठवाड्यातल्या बायकांनी दिला आणि त्यांच्या वाट्याला भीती आली. हे मला सहन होत नाही.

गडचिरोलीचंही तसंच. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. शंभरातल्या ब्याण्णव जणींना काही ना काही स्त्रीरोग होता. पूर्वी कधी तपासणी झालेल्या जेमतेम आठ. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. तोवर सरकारी यंत्रणेला बाई दिसायची ती बाळंतपणात, नाहीतर नसबंदीच्या उद्दिष्टात. १९९४ च्या कैरोतल्या लोकसंख्या परिषदेनं जगाची भाषा बदलली, १९९६ मध्ये आपल्याकडची उद्दिष्टंही गेली. ‘अंगावर जातं’ हे वाक्य मात्र अजून घरात जावेच्या कानातच सांगितलं जातं.

एचपीव्ही विषाणूवरची लस रवांडानं २०११ मध्ये मुलींना द्यायला घेतली. आफ्रिकेतला हा पहिला देश. तिथं शाळेत लस दिली आणि ज्या मुली शाळेत नव्हत्या त्यांना गावोगावच्या आरोग्यसेविकांनी हुडकून काढलं. शंभरातल्या नव्वदहून जास्त मुलींपर्यंत ते पोचले. वंशसंहारातून सावरणाऱ्या, आपल्याहून गरीब देशानं हे केलं. आपल्याकडे तर पुण्यातच तयार झालेल्या लशीला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली आहे.

या अंकात कथा आहेत, कविता आहेत, नेहमीची भविष्यं आहेत. पण संपादकाच्या या दोन पानांवर मला एक मागणी मांडायची आहे. गावाकडच्या आशाताईच्या यादीत ऊसतोड बाईचं नाव असतं, पण सहा महिने ती तिथं नसते. ती जिथं असते तिथल्या आशाताईच्या यादीत तिचं नाव चढलं पाहिजे. एचपीव्हीचा नमुना बाईला स्वतःचा स्वतः घेता येतो; त्याला पडद्याआडची थोडी जागा आणि समजावून सांगणारी एक बाई पुरते. तेवढी सोय गाळप सुरू करण्यापूर्वी साखर कारखान्यानं फडावर करावी, आणि अहवाल तिच्या हातात द्यावा, तिला कळेल अशा मराठीत. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूरच्या वाचकांनो, या दिवाळीत तिची कोपी तुमच्या घरापासून फार लांब नाही. फराळाचा डबा घेऊन जाल तेव्हा पाच मिनिटं बसा आणि इथल्या आशाताई येऊन गेल्या का, एवढं तिला विचारा. नसतील आल्या, तर परतताना प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचं नाव देऊन या.