ग्रंथालयाच्या तासाला काय शिकवावे?

आपल्या शाळेत प्रत्येक मिनिटाला काम नेमून दिलेले असते. पहाटेची पीटी, परेड, वर्ग, खेळ, रात्रीचा प्रेप. या वेळापत्रकात ग्रंथालयाचा तास मात्र नेमका कशासाठी आहे, हे कोणी ठामपणे सांगत नाही. कधी त्यात गणिताची उजळणी होते, कधी संचलनाचा सराव, आणि काहीच नसेल तेव्हा कॅडेट शांत बसून मासिके चाळतात. ग्रंथालय सांभाळणारा म्हणून माझे मत असे की, माहिती शोधायला, तपासायला आणि प्रामाणिकपणे वापरायला शिकवण्यासाठी हा तास राखून ठेवावा. आणि त्यासाठी मुक्त शैक्षणिक संसाधने वापरावीत.

‘माहिती साक्षरता’ हा शब्दप्रयोग १९७४ साली अमेरिकेत पॉल झुरकोव्स्की यांनी केला. त्याचा अर्थ सोपा आहे. वाचता येणे ही एक गोष्ट, वाचलेले पारखता येणे ही दुसरी. युनेस्कोने आपले राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवले, हा निरोप बहुतेकांच्या घरच्या फोनवर कधी ना कधी आलेला असेल. युनेस्कोने असे काहीही जाहीर केलेले नाही, तसा खुलासाही त्या संस्थेने केला आहे. तरी तो निरोप पुन्हा पुन्हा फिरतो. आपले राष्ट्रगीत थोरच आहे, त्याला खोट्या प्रशस्तिपत्रकाची गरज नाही. पण गणवेशातला कॅडेट व्यासपीठावरून असे वाक्य बोलला, की ऐकणारे ते खरे धरतात. म्हणून आपल्यावर जबाबदारी जास्त.

पारखायचे कसे? स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी ४५ जणांना संकेतस्थळे तपासायला दिली. त्यांत इतिहासाचे अभ्यासक होते, विद्यार्थी होते आणि बातम्यांची सत्यता तपासणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे असे लोकही होते. शिकलेसवरलेले अनेक जण समोरच्या पानाच्या देखणेपणाला आणि नावाला भुलले. व्यावसायिक तपासनीस मात्र त्या पानावर रेंगाळले नाहीत. ते लगेच बाहेर पडले आणि या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात, हे त्यांनी आधी पाहिले. मॅप रीडिंग शिकलेल्या कॅडेटला हे नवीन नाही. आपण कुठे उभे आहोत हे ठरवायला आपण दूरच्या दोन-तीन ओळखीच्या खुणांचे बेअरिंग घेतो, पायाखालची माती पाहत बसत नाही.

आता मुक्त संसाधनांकडे येतो. हा शब्द २००२ साली युनेस्कोच्या एका बैठकीत रूढ झाला. पुष्कळांना वाटते की मुक्त म्हणजे फुकट. तसे नाही. एनसीईआरटीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात, पण आतल्या पानावर सर्व हक्क राखून ठेवल्याची सूचना असते. ती फुकट आहेत, मुक्त नाहीत. मुक्त साहित्यावर परवाना स्पष्ट लिहिलेला असतो. ते जवळ ठेवा, वापरा, बदला, दुसऱ्या साहित्याशी जोडा आणि पुढे द्या. मात्र मूळ कर्त्याचे नाव सांगा. काही परवाने धंद्यासाठी वापर करू देत नाहीत, काही बदल करू देत नाहीत. विकिपीडियावरील मजकूर मुक्त परवान्याखाली आहे. एनसीईआरटीनेच २०१३ साली सुरू केलेल्या मुक्त संसाधनांच्या राष्ट्रीय भांडारातही असे साहित्य आहे. आयआयटी खरगपूरने उभारलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात शोध घेतला तर दोन्ही प्रकार सापडतात. म्हणून प्रत्येक वेळी परवाना वाचावा लागतो, आणि तो वाचणे हाच पहिला धडा.

आपल्यासारख्या निवासी शाळेला याचा एक रोकडा फायदा आहे. आपल्याकडे कॅडेटला फोन मिळत नाही, आणि मिळूही नये. पण मुक्त परवान्यामुळे साहित्याची प्रत शाळेच्या संगणकावर कायमची ठेवता येते. ‘किविक्स’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर वापरले, तर मराठीसह अनेक भाषांतील विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता येतो. संगणक कक्षातल्या साध्या जाळ्यावर हे काम भागते.

दुसरा फायदा मला अधिक मोलाचा वाटतो. मुक्त साहित्य उघडून, दुरुस्त करून, पुन्हा मांडता येते. विकिपीडियाच्या प्रत्येक लेखाला इतिहासाचे पान असते. कोणत्या दिवशी कोणी काय बदलले, ते तिथे दिसते. माहिती आकाशातून पडत नाही, ती कोणीतरी लिहितो, कोणीतरी खोडतो, हे कॅडेटला प्रत्यक्ष कळते. छापील पुस्तकातून हे कळत नाही.

मग प्रत्यक्ष काय करावे? एक उदाहरण देतो. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे दूर करून रणगाड्यांना वाट करून देणारे परमवीरचक्र विजेते सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्यावर दोन पानी टिपण लिहायला एका हाऊसला द्यावे. भारत सरकारच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावरील अधिकृत मानपत्र, विकिपीडियावरील लेख आणि ग्रंथालयातले एखादे पुस्तक समोर ठेवावे. तिन्हींत जुळणारे काय, एकाच ठिकाणी आढळणारे काय, आणि आधार न सापडलेले काय, असे तीन रकाने करावेत. मग टिपण लिहावे, खाली आधार नोंदवावेत आणि ते मुक्त परवान्याखाली ग्रंथालयात जमा करावे. पुढच्या वर्षीच्या तुकडीने ते तपासून सुधारावे. आपल्याकडे अनेक राज्यांतले कॅडेट आहेत. प्रत्येकाने आपल्या मातृभाषेत त्याचा अनुवाद करावा, परवाना तशी मुभा देतो.

यावर शिक्षक सहकाऱ्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे. लेखी परीक्षा डोक्यावर असताना या उद्योगाला वेळ कुठे? आक्षेप खोटा नाही, हा तास कुठून तरी काढावाच लागेल. पण एनडीएची लेखी परीक्षा ९०० गुणांची आहे, तशीच एसएसबीची मुलाखतही ९०० गुणांची आहे. तिथल्या लेक्चरेटमध्ये तीन मिनिटे तयारीला आणि तीन मिनिटे बोलायला मिळतात. ऐकीव वाक्ये आणि आधार असलेली माहिती यांतला फरक तिथे झाकत नाही. आणि पुढे अधिकारी झाल्यावर अहवालात ‘मी पाहिले’ आणि ‘मला सांगण्यात आले’ यांची गल्लत झाली, तर त्याची किंमत गुणांत मोजली जात नाही.

पालकांनाही एक विनंती. सुट्टीत मुलासाठी कोणाच्या तरी गटावरून आलेल्या मार्गदर्शकांच्या स्कॅन केलेल्या प्रती जमवू नका. ती लेखकाची आणि प्रकाशकाची चोरी आहे, आणि आपण ज्या मुलाला सचोटी शिकवायला इथे पाठवले, त्याच्याच हातात ती पडते. त्याऐवजी त्याला एकच प्रश्न विचारा, “हे तुला कुठून कळले, बाळा?” आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

पुढच्या सत्रापासून सहावी ते नववीच्या वर्गांना आठवड्याचा एक तास यासाठी मिळावा, आणि तो दुसऱ्या कोणत्याही सरावासाठी घेतला जाऊ नये, अशी माझी मागणी आहे. विषयशिक्षकांनी सत्रातून एकदा एक टिपण तपासून द्यावे. बाकीचे काम ग्रंथालय करील.